बँकिंगवाले काका

काकांनी माझं नुकसान केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोलले तर मी ते विसरले असं कोणी समजू नये. मी बैलांच्या दलालाची मुलगी आहे. कुठल्या बाजारात कुणी दगा दिला, हे आमचे दादा, म्हणजे वडील, बैलाच्या शिंगांसकट लक्षात ठेवत. मीही ठेवते.

कॅनडात, टोरोंटोजवळ मिल्टनला माझा जुन्या गाड्या विकायचा लॉट आहे. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे लॉटही मीच बघते आणि घरही. आधी दुसऱ्याच्या लॉटवर गाड्या धुतल्या, मग त्याच्याच गाड्या विकल्या, मग त्याच्याशी भांडून स्वतःचा लॉट काढला. आमच्या मराठी मंडळातले रिटायर्ड डॉक्टर आणि इंजिनिअर माझ्या पाठीमागे मला ‘ती गाडीवाली’ म्हणतात. विंटर टायर्स स्वस्तात हवे असले की मात्र ‘ताई’.

काका माझ्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आले. बेसमेंट बघायला आले त्या दिवशी त्यांनी किचन बघितलं नाही, वॉशरूम बघितली नाही, खिडकीही उघडून बघितली नाही. कोटाच्या खिशातून स्टीलचं फुलपात्र काढलं, माझ्याकडे पाणी मागितलं, आणि मला वाटलं तहान लागली असेल. त्यांनी ते गॅरेजसमोर ड्राइव्हवेवर ओतलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत उभे राहिले.

“शेठाणी, तुमचा ड्राइव्हवे घराकडे उतरतोय.”

शेठाणी हे नाव तेव्हाच पडलं. ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

“तुम्हाला जागा हवीय की नकोय?” मी म्हटलं.

“हवीय. पण बर्फ वितळलं की पाणी आत येणार.”

“आलं तर बघू.”

“‘आलं तर’ कसं? येणार आहे.”

मी चिडले. भाडं पाडून मागायची ही एक रीत असते. वस्तूत खोट काढायची आणि मग गप्प राहायचं. ती रीत मला कोणी शिकवायला नको. मी भाडं पाडायची वाट बघत राहिले. काकांनी मी मागितलं तेवढं भाडं कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी सामान आणलं. दोन बॅगा कपड्यांच्या, बाकी सगळी खोकी. प्रत्येक खोकं त्यांनी विटांवर ठेवलं.

मार्चमध्ये पाणी आलं. माझ्या पापड-लोणच्यांच्या बरण्या तरंगल्या. काकांचं एकही खोकं भिजलं नाही. ते पायजमा वर खोचून, त्या पाण्यात उभे राहून, अतिशय प्रेमाने म्हणाले, “बघा, कोपऱ्यातूनच आलंय. मला वाटलंच होतं.”

काकांचा सगळा जन्म काँक्रीटमध्ये गेला होता. या प्रांतातले हायवेवरचे किती तरी पूल त्यांच्या हाताखालून गेले. आता बायको नव्हती. मुलगी रिचमंड हिलला मोठ्या घरात होती आणि बाबांनी आपल्याकडे यावं म्हणून फोनवर रडत होती. काका जात नव्हते. कारण विचारलं तर म्हणायचे, “तिच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे हो. पाणी ओतायचं कुठे?”

खोक्यांमध्ये होता तो ट्रॅक, म्हणजे त्याचे कागद आणि फोटो.

इंग्लंडमध्ये, लंडनच्या बाहेर, शंभरावर वर्षांपूर्वी एका श्रीमंत माणसाने आपल्या जमिनीवर मोटारींच्या शर्यतीसाठी काँक्रीटचा ट्रॅक बांधला. तेव्हा तिथल्या साध्या रस्त्यांवर गाडी जोरात हाकायला बंदी होती, म्हणून. वेगात गाडी वळणावरून बाहेर फेकली जाऊ नये यासाठी वळणांवर ट्रॅकची बाहेरची कड वर उचलली होती, दोन-तीन मजली घराएवढी. मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा म्हटलं, ही तर कढई आहे. काकांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो लिहून घेतला. नाही तर त्या उचललेल्या वळणाला इंग्रजीत बँकिंग म्हणतात. काकाही बँकिंगच म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथल्या शर्यती बंद झाल्या, त्या कायमच्या. आता त्या कढईचे तुकडे तेवढे उरलेत, झाडांमध्ये.

तो ट्रॅक कुणी बांधला, खडी कुठून आली, काँक्रीट पुढे का खचलं, गाड्या तिथे उसळी मारून हवेत का जायच्या, हे काका शोधत असायचे. सकाळी सहाला उठून इंग्लंडला फोन लावायचे, कारण तेव्हा तिकडे लोक कामावर आलेले असतात. तिथले म्युझियमवाले, जुन्या गाड्यांचे हौशी, कुणाकुणाच्या म्हाताऱ्या नाती, सगळ्यांशी त्यांची ओळख. वरच्या मजल्यावर मला त्यांचा आवाज ऐकू यायचा, “नो मॅडम, आय ॲम नॉट अ रेसिंग मॅन. आय ॲम अ काँक्रीट मॅन.”

त्या बँकिंग शब्दाने एकदा मोठी गंमत केली. मंडळाच्या सेक्रेटरीने काकांना फोन केला. ज्येष्ठांच्या मेळाव्यात कुणी तरी भाषण द्यायला हवं होतं.

“काका, विषय काय टाकू?”

“टाका, बँकिंगचा इतिहास.”

सेक्रेटरीने टाकला. तोवर मंडळात सगळ्यांचा समज झालाच होता की हे गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले आहेत. मेळाव्याला कधी नव्हे ती गर्दी. टोरोंटोच्या पार पलीकडच्या व्हिटबीहून माणसं गाडी चालवत आली. पुढच्या रांगेत एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ वही-पेन घेऊन बसलेले. ठेवींवरचे व्याजाचे दर घसरत होते त्या दिवसांत, प्रत्येकाला घोर लागलेला.

काकांनी पहिला फोटो दाखवला, काँक्रीटच्या भिंतीवर आडवी चढलेली गाडी. लोकांना वाटलं ही प्रस्तावना. बँकेची मंडळी अशी काही तरी उपमा घेऊन सुरुवात करतात. काका बोलत राहिले. “बँकिंगचं एक लक्षात ठेवा. जितकं वर राहायचं तितका वेग हवा. वेग गेला की माणूस वर टिकत नाही, आपोआप खाली घसरतो.” डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी मागे बसून साडीचा पदर तोंडात कोंबला होता.

शेवटी एका आजींनी हात वर केला. “सगळं छान सांगितलंत. पण रेट पुन्हा वर केव्हा जाणार?”

काका विचारात पडले. ते कुठल्याच प्रश्नाला हसत नसत. “कसला रेट? चढाचा? तो आता नाही जाणार, बाई. बांधकाम थांबलंय.”

आजींनी शेजारणीकडे बघून हताश मान हलवली. त्या दिवसापासून ते बँकिंगवाले काका झाले. ज्यांना खरा प्रकार कळला ते चिडले, सेक्रेटरी चिडली, काका मात्र खूष होते. “शेठाणी, इतकं लक्ष देऊन कुणी कधी ऐकलं नव्हतं.”

आता त्या ट्रॅकचं आणि काकांचं काय, ते सांगते. मला ते कळलं हायवेच्या रॅम्पवर.

काकांनी गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून ग्रोसरीला मी त्यांना घेऊन जायची. परतताना हायवेवरून उतरायचा गोल रॅम्प लागतो. तिथे आलं की काका सावरून बसत आणि स्पीडच्या काट्याकडे बघत. “थोडी कमी. अजून. हां, आता एवढीच ठेवा. आता हात सोडा.”

“काय सोडा?”

“स्टिअरिंग. या वेगाला गाडी आपली आपण वळते. हे वळण आम्ही तसंच बांधलंय.”

“काका, मागे माझी अंडी आहेत. दोन्ही हातांनी धरूनच चालवणार मी.”

प्रत्येक खेपेला हेच. एकदा मी खरोखरच भडकले. गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, तुम्हाला मरायचं असेल तर मरा, मला का नेता? काकांनी मान वळवून मागच्या रॅम्पकडे बघितलं. मग म्हणाले, “हे मला आबांनी सांगितलं होतं. त्या वेळी आमच्या गावात एकही मोटार नव्हती.”

आबा म्हणजे त्यांचे आजोबा, आईचे वडील. दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानात राजेसाहेबांचे मोटार ड्रायव्हर होते. राजेसाहेब विलायतेला गेले तेव्हा आबांना बरोबर नेलं होतं. परत आल्यावर आबा सांगायचे की तिकडे एक रस्ता आहे तो भिंतीवर चढतो. गाडी त्या भिंतीवरून आडवी पळते आणि पडत नाही. मी गेलो त्या भिंतीवर. आणि वर, माथ्याशी, हात सोडले तरी गाडी आपली आपण वळते.

भिंतीपर्यंत गाव ऐकून घ्यायचं. हात सोडले म्हटलं की पारावर हशा पिकायचा. आबांचं नाव पडलं थापाडे. लग्नाकार्यात आबा पंगतीला बसले की कुणी तरी हमखास म्हणायचं, “आबा, भातावर वरण घ्या, हात सोडून.” म्हातारा उठून जायचा. तो थापाडे म्हणूनच मेला. काका तेव्हा लहान होते. आबांचा फेटा बांधताना दुसरं टोक धरून उभं राहायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं. आबा डावखुरे होते, त्यामुळे त्यांचा फेटा सगळ्या गावापेक्षा उलटा चढायचा, आणि टोक धरणाराही उलट्या बाजूला उभा राहायला लागायचा. त्या कामाला दुसरा कुणी चालायचा नाही. आबा हे सगळं त्या टोक धरणाऱ्याला सांगायचे.

पुढे काका इंजिनिअरिंगला गेले. कॉलेजच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकात त्यांना ती भिंत दिसली. वळणाचं गणित मांडल्यावर हेही कळलं की ठरावीक वेगाला हात सोडले तरी गाडी खरंच वळते.

“मग झालं की!” मी म्हटलं. “आबा खरे निघाले.”

“भिंत खरी निघाली. हात सोडायचंही खरं निघालं. पण आबा तिथे होते का? कुणाकडून ऐकलंही असेल.” मग म्हणाले, “शेठाणी, ‘असेल’ निराळं आणि ‘आहे’ निराळं. मला ‘आहे’ हवंय.”

माणूस त्या एका शब्दासाठी आयुष्य घालवत होता. त्या ट्रॅकचा सगळा इतिहास त्यांनी एवढ्याचसाठी खणला होता. कुठे तरी एखादी नोंद, एखादा फोटो, एखादा माणूस म्हणेल की हो, तो फेटेवाला हिंदुस्थानी ड्रायव्हर आला होता. एकदा मुलीला घेऊन ते स्वतः तिकडे जाऊनही आले. आल्यावर मी विचारलं, काय केलंत? म्हणाले, “पाणी ओतलं.” आणि मग लाजून, “जरा वेळ भिंतीवर पाठ टेकून झोपलोही. मुलगी म्हणत होती, बाबा, पीपल आर लुकिंग.”

आता माझं नुकसान.

व्हिटबीच्या पलीकडे एका म्हाताऱ्या इंग्रज शेतकऱ्याचं सामान विकायला निघालं होतं. त्याच्या कोठारात एक जुनी, दोन माणसांची, बिनछपराची ब्रिटिश गाडी सापडली. त्याच्या घरातले म्हणाले, आमचे आजोबा सांगायचे, ही त्या ट्रॅकवर पळालेली आहे. मी घासाघीस करून, दोनदा निघून जायचं नाटक करून ती गाडी उचलली. टोरोंटोचा एक दातांचा डॉक्टर असल्या गाड्या जमवायचा. तो लगेच आला, गाडीभोवती फिरला, आणि त्याच्या डोळ्यांत मला तो रंग दिसला जो दादांना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत दिसायचा. फक्त एवढंच म्हणाला, ट्रॅकवर पळाली हे कुणी जाणकार सांगेल का?

जाणकार माझ्या बेसमेंटमध्ये होता! मला वाटलं देवानेच भाडेकरू पाठवला.

सकाळी चहा देताना मी काकांना सगळं समजावलं. काका आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाडीखाली वाकले, बॉनेट उघडून बघितलं, तासभर काढला. डॉक्टर श्वास रोखून उभा.

“वेल?”

“इट मे हॅव,” काका म्हणाले.

“मे?”

“मे.”

मी मराठीत म्हटलं, “काका, हो म्हणा.”

“असेल म्हटलं ना.”

“असेलने गाडी विकत नाही!”

“मग काय करू? मला दिसत नाहीये ते.” आणि मग डॉक्टरकडे वळून, मी मागितलं नव्हतं तरी, त्यांनी कुठले भाग नंतर बदललेले आहेत ते त्याला दाखवलं. एकेक करून. बोट लावून.

डॉक्टर आभार मानून गेला. मी लॉटवर उभी राहून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या टायरवाल्या पंजाब्याने शटर अर्धं खाली ओढलं. काका ऐकत उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, “तुमचं खरं आहे, शेठाणी. पण गाडीचं मला माहीत नाही.”

वैतागून मी ती गाडी दुसऱ्या दलालाला मला पडली त्या भावात देऊन टाकली. आणि त्याने काय केलं? काचेवर कागद लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘त्या’ ट्रॅकवर पळालेली, तज्ज्ञाने तपासलेली. विकली. कुणाला? त्याच दातांच्या डॉक्टरला!

मी हे काकांना जाऊन सांगितलं. मला त्यांचं तोंड पडलेलं बघायचं होतं. ते पडलंही, पण मला हवं होतं त्या कारणाने नाही.

“तज्ज्ञ म्हणजे मी?”

“दुसरं कोण?”

“पण मी ‘असेल’ म्हटलं होतं.”

“हातोहात फिरलं की ‘असेल’चं ‘आहे’ होतं, काका. बाजार आहे हा.”

ते दोन दिवस जेवले नाहीत धड. मी खाली आमटी पाठवली तर तशीच वर आली. माझा राग आणि त्यांची खंत, दोन्ही मिळून एका घरात मावेनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी दलालाला फोन केला, डॉक्टरला फोन केला. दोघांनीही गोड बोलून फोन ठेवला. काचेवरचा कागद एव्हाना चौकटीत बसून डॉक्टरच्या गॅरेजमध्ये लागला होता.

त्यानंतर काका वर्षभर माझ्याकडे होते. मग पाय गेले, जिने झेपेनात, आणि मुलगी एक दिवस येऊन त्यांना रिचमंड हिलला घेऊन गेली. खोकी माझ्याकडेच राहिली, विटांवर. जाताना त्यांनी गाडीतून काच खाली करून सांगितलं, “ड्राइव्हवेचं मनावर घ्या.” मी घेतलं नाही. खर्च काय थोडा असतो?

गेल्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. “मावशी, कॅन यू कम? बाबांना इंग्लंडहून एक फोटो आलाय. ते काही बोलतच नाहीयेत.”

मी गेले. काका पलंगावर होते, शाल घेऊन, इतके बारीक की पलंग रिकामाच वाटावा. खाली सगळीकडे ते कार्पेट. उशाशी फोटो होता, मोठा करून छापलेला. म्युझियमच्या कुठल्या तरी न उघडलेल्या पेटीत सापडला होता. ती कढई, तिच्या पायथ्याशी उघडी मोटार, आणि मोटारीला टेकून उभा एक काळसर, उंच, फेटा बांधलेला माणूस. खाली नाव नाही. म्युझियमवाल्यांनी विचारलं होतं, हे तुमचे आजोबा आहेत का? तुम्ही हो म्हणालात तर आम्ही नाव लावून भिंतीवर लावू.

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, “काका! सापडले!”



मुलगी म्हणाली, “बाबा, होल लाइफ तुम्ही हेच शोधलं. जस्ट से येस. डॉक्टर म्हणालेत…” ती चहा करायला गेली.

“शेठाणी,” काका म्हणाले, “फेट्याचे पेच बघा.”

मी ते वळसे बघितले. मला काय कळतंय त्यातलं.

“उजव्या हाताचे आहेत. सगळ्या जगाचे असतात तसे. आबांचे उलटे पडायचे. दुसरं टोक माझ्या हातात असायचं. मला कळणार नाही?”

मी धंदेवाली बाई. असा सौदा मी हातचा जाऊ देणार होते काय? म्हटलं, “फोटो उलटा छापला असेल. होतं तसं.”

“गाडीवरचा नंबर वाचा.”

नंबर सुलट होता. स्टिअरिंगही विलायती गाडीला असतं तसं उजवीकडे.

“त्या दिवशी दुसऱ्या कुणी बांधून दिला असेल.”

“आबा दुसऱ्याला डोक्याला हात लावू देत नसत.”

“काका, ते तिकडे बसलेत गोरे. त्यांना काय कळतात पेच? कोण तपासणार आहे?”

“कोणी नाही.”

आमच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं धरून ठरवायचं. दादांचा हात तसा चालताना मी लहानपणी खूप बघितलाय. मी शालीखाली हात घातला आणि काकांचं एक बोट धरलं. गार होतं. “पूर्ण ‘हो’ नको,” मी म्हटलं. “एवढंच द्या. ‘असतील’ म्हणा. ‘असतील’ म्हणणं खोटं नाही, तुम्हीच सांगायचात. गाव तिकडे मेलं, तो पारही कोसळला. आबांवरचं ते नाव तरी पुसलं जाऊ दे. तुमच्यासमोर.”

काका हसले. रुमालाखालचा सौदा त्यांना माहीत होता. त्यांनी बोट ओढून घेतलं नाही. म्हणाले, “तुमच्या गाडीच्या वेळी मी ‘असेल’ म्हटलं होतं, शेठाणी. मग काय झालं?”

मला डॉक्टरच्या गॅरेजमधली ती चौकट आठवली.

“आज मी ‘असतील’ म्हणेन. उद्या कुणी तरी ‘आहेत’ छापेल.” दम लागला, थांबले. “आणि मला सांगा, हा माणूस कुठून तरी आलाच होता ना? यालाही घर होतं. यानेही परत जाऊन सांगितलं असेल, भिंतीवर चढणारा रस्ता बघितला म्हणून. यालाही हसले असतील. याचाही कुणी नातू बसला असेल शोधत. याच्या अंगावर मी आबांचं नाव लावलं, तर त्या नातवाला हा कुठे सापडणार?”

आणि त्यांनी मूठ मिटली. माझं बोट आतच राहिलं. मुलगी चहा घेऊन आली तरी त्यांनी ते सोडलं नाही.

त्यांनी म्युझियमला मुलीकडून कळवलं, हे माझे आजोबा नव्हेत. त्यापुढे एक शब्द नाही.

महिन्याभरात काका गेले. आबांचं ‘आहे’ त्यांना सापडलं नाही. अंत्यविधीला मंडळातले बरेच जण आले होते. वही घेऊन बसलेले ते हृदयरोगतज्ज्ञ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “माणूस बँकेतला, पण सरळ होता.” मी दुरुस्त केलं नाही.

फोटो माझ्याकडे आला. काकांनी मुलीला बजावून ठेवलं होतं, हा शेठाणींच्या ऑफिसात लावायचा. तिथे रोज देशोदेशीची माणसं येतात. पंजाबी, राजस्थानी, हैदराबादी, आपल्याकडची. कुणाला तरी ओळखू येईल. म्हणजे बघा, जाता जाता माझी भिंतही घेतली त्यांनी, आणि तीसुद्धा माझ्या खुर्चीसमोरची, जिथे मी गाड्यांच्या सेफ्टीची सर्टिफिकेटं लावायची. आधी गाडीचा सौदा, मग भिंत. हिशेब वाढतोच आहे.

परवा पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं पहिली गाडी घ्यायला आलं होतं. पोराला पांढरी सेडान पसंत पडली होती, त्याची बायको किंमत पाडायच्या बेतात होती, मी तिच्यावर खूष होते. सौदा जमलाच होता. तेवढ्यात पोराची नजर भिंतीवर गेली.

“वा! तुमचे आजोबा का? म्हणजे घरातच गाड्यांचा धंदा दिसतोय.”

तीन पिढ्या गाड्यांच्या धंद्यात! याहून चांगली जाहिरात कुठे मिळते? माझे आजोबा बैलांमागे चालत बाजार फिरले. पण हे या पोराला कोण सांगणार होतं? ‘हो’ माझ्या तोंडात तयार होता.

“नाही,” मी म्हटलं. “माझे नव्हेत.”

“मग कुणाचे?”

“आम्ही तेच शोधतोय.” मी पेन खाली ठेवलं. उठले, फोटो भिंतीवरून काढला, पदराने काच पुसली आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. “तुम्ही कुठले? मूळ गाव कोणतं? घरात कुणी जुनं माणूस सांगायचं का कधी, भिंतीवर चढणाऱ्या रस्त्याबद्दल? घाई नाही, गाडी कुठे पळून जात नाही. बघा नीट. ओळखीचे वाटतात का?”